पेकोसच्या उकिरड्यात

जिथे असाल तिथे बसा. पाठ ताठच हवी असं नाही, मांडी घालायलाच हवी असंही नाही. हे घाईने वाचू नका, एवढीच विनंती. मधेच डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. मजकूर कुठे पळून जात नाही. आपल्याला एका उकिरड्यात उतरायचं आहे, आणि उकिरड्यात धावत उतरणारा पाय कापून घेतो.

हा उकिरडा अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात आहे, सांता फे शहराच्या आग्नेयेला सुमारे 40 किलोमीटरवर. समुद्रसपाटीपासून उंची 2,100 मीटरच्या आसपास, त्यामुळे ऊन लख्ख, हवा विरळ आणि उन्हाळ्यातही रात्र गार. आजूबाजूला डोंगर, मधे पेकोस नदीचं खोरं, आणि खोऱ्यात एक लांबट, बुटकी, खडकाळ सोंड. आधी फक्त ही सोंड डोळ्यांसमोर आणा. भिंती नकोत, माणसं नकोत. खडक, गवत, ज्युनिपरची खुरटी झाडं आणि खिंडीतून येणारा वारा.

आता दिशा पाहा. पश्चिमेला ग्लोरिएटाची खिंड ओलांडली की रिओ ग्रांदे नदीच्या आसपासची मका पिकवणारी गावं. पूर्वेला डोंगर संपले की गवताची मैदानं, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि त्यांवर चरणारे बायसनचे कळप. सोंड नेमकी या दोहोंच्या वाटेवर. इथे माणसं राहायला आली नसती तरच नवल.

आली ती पुएब्लो माणसं, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या, मजल्यावर मजला चढवलेल्या खोल्यांची गावं बांधून राहणारे शेतकरी. 1300 च्या सुमारास सोंडेवर घरं उभी राहू लागली. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून मधे चौक सोडून चारही बाजूंनी चढत गेलेली एकच मोठी इमारत आकाराला आली. सहाशेच्या वर खोल्या, चार-पाच मजले. तळमजल्याला बाहेरून दार नाही. शिडी लावायची, गच्चीवर चढायचं आणि तिथून आत जायचं. संकट दिसलं की शिडी वर ओढून घ्यायची. 1540 मध्ये कोरोनादोच्या मोहिमेतले स्पॅनिश शिपाई इथे पोचले तेव्हा गावात दोन हजारांच्या आसपास वस्ती होती, आणि पाचशे लढवय्ये बाहेर पडतील अशी या गावाची ख्याती असल्याचं त्या मोहिमेतल्या कास्तान्येदाने लिहून ठेवलं आहे.

आता त्या गच्चीवर उभे राहा. तुमच्या हातात नुकतंच फुटलेलं मडकं आहे. काय कराल? तिथल्या माणसांनी पाचशे वर्षं जे केलं तेच. सोंडेच्या पूर्वेकडच्या अंगाला भिरकावून द्याल. चुलीतली राख तिथेच, दाणे काढून झालेली कणसं तिथेच, हरणाचं चोखलेलं हाड तिथेच. टाकल्यावर मागे वळून पाहणार नाही. कुणीच पाहत नाही.

इथे जरा थांबा. आज सकाळपासून तुम्ही काय काय टाकलंत ते आठवून पाहा. एकेक वस्तू, हाताला ती कशी लागली त्यासकट. बहुधा तीन-चार गोष्टींपुढे आठवण जाणार नाही.

1915 साली आल्फ्रेड व्हिन्सेंट किडर इथे आले. वय 29. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावच्या फिलिप्स अकॅडमीने त्यांच्यावर हे काम सोपवलं होतं. त्या काळी खणणाऱ्यांचा ओढा खोल्यांकडे आणि थडग्यांकडे असे, कारण अखंड भांडी तिथे मिळतात आणि संग्रहालयांच्या कपाटांना अखंड भांडी शोभतात. किडरना तुकडे हवे होते, पुष्कळ तुकडे, आणि तेही एकावर एक साचलेले. म्हणून त्यांनी चर खणायला उकिरडा निवडला. ही युक्ती एकट्या त्यांची नव्हती. शेजारच्याच गॅलिस्टिओ खोऱ्यात नेल्स नेल्सन यांनी आदल्या वर्षी थरांप्रमाणे खणून दाखवलं होतं. पण इतक्या मोठ्या उकिरड्यावर, इतक्या चिकाटीने ती कुणी वापरली नव्हती.

सोंडेचा पूर्व उतार दिसायला सौम्य होता. असा उतार पाहिला की कुणालाही वाटेल, मूळ जमीनच अशी असणार आणि वर कचऱ्याचा पातळ पापुद्रा असणार. मजूर खणत गेले आणि खडक लागेना. लागला तेव्हा कळलं की मूळची सोंड त्या बाजूला चांगली उभी तुटलेली आहे. उतार कचऱ्याने घडवला होता. काही ठिकाणी तो भरणा जवळजवळ 20 फूट खोल निघाला.

हा आपला पहिला अंदाज, आणि तो कोसळला. तो कोसळताना मनाला काय होतं तेवढं पाहा. किंचित धक्का बसतो, मग थोडी गंमत वाटते. आज आपण हेच करणार आहोत. हातात एखादी वस्तू घ्यायची, मन तिच्याबद्दल काय ठरवून टाकतं ते पाहायचं, आणि ते ठरवणं जमिनीवर हळूच उतरवून ठेवायचं.

चराच्या काठावर बसा, पाय आत सोडा. समोरच्या भिंतीत थर दिसताहेत: राखेचा करडा, पडलेल्या भिंतीच्या मातीचा पिवळट, मधेच कोळशाची काळी रेघ. किडर मोजपट्टीने ठराविक जाडीचे काप काढत बसले नाहीत. डोळ्यांना दिसणाऱ्या थरामागून ते जात. एका थरातली खापरं एका पिशवीत, खालच्या थरातली दुसऱ्या. मग ती धुवायची, पसरायची, निवडायची. निवडण्याच्या कामात त्यांच्या पत्नी मॅडलिन यांचाही हात होता. धान्य निवडताना खडा आपोआप बोटाला लागतो तसं इथे बोटांना नक्षी, रंग, काठाचा बाक कळू लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळात कुणाकडेही सनावळी नव्हती. खालचं जुनं, वरचं नवं, बस्स. हे खापर त्याच्या आधीचं, ते याच्या नंतरचं. पण किती आधीचं? शंभर वर्षं? हजार? कुणीही ठामपणे सांगू शकत नव्हतं. झाडांच्या वर्षकड्या मोजणाऱ्या डग्लस यांना जून 1929 मध्ये ॲरिझोनातल्या शो लो इथे एक जळका वासा सापडला, दोन तुटक मालिका त्याने जोडल्या गेल्या, आणि मग कुठे या प्रदेशातल्या जुन्या गावांना साल मिळालं. तोवर किडर आणि त्यांचे सोबती ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोनच शब्दांवर काम करत राहिले, आणि त्याच भांडवलावर 1927 मध्ये पेकोसला परिषद भरवून त्यांनी नैऋत्य अमेरिकेच्या प्राचीन काळाची टप्प्यांत मांडणीही केली. थोडा वेळ आपणही सालं विसरूया. फक्त आधी, आणि नंतर.

वरच्या थरापासून सुरुवात करू. हाताला एक हाड लागतं. मेंढीचं आहे. या खंडातल्या शेतकऱ्यांनी मेंढ्या पाळल्या नव्हत्या. त्या स्पॅनिश लोकांबरोबर आल्या. शेजारी गंजलेला लोखंडाचा तुकडा. म्हणजे आपण सतराव्या शतकात किंवा त्यानंतर आहोत. या हाडाभोवती मन लगेच एक गोष्ट रचतं: बाहेरून आलेले पाद्री, त्यांचं चर्च, वाकलेलं गाव. गोष्ट खोटी नाही. 1625 च्या सुमारास इथे एक अवाढव्य चर्च पुरं झालं, मातीच्या लाखो विटांचं, आणि त्या विटा गावकऱ्यांच्याच हातच्या. बेनाविदेस या पाद्र्याने त्याच्या भव्यतेचं वर्णन केलं होतं. पुढच्या काळातल्या अभ्यासकांना पेकोसला दिसत होतं ते बेताच्या आकाराचं पडकं चर्च, म्हणून त्यांनी ठरवलं की पाद्रीबुवांनी फुगवून सांगितलं. 1967 मध्ये जीन पिंकली यांना त्या पडक्या चर्चच्या खाली आणि भोवती आधीच्या चर्चचा पाया सापडला. पाद्रीबुवा खरं बोलत होते.

ते चर्च गेलं कुठे? 10 ऑगस्ट 1680 ला पुएब्लो गावं एकत्र उठली आणि त्यांनी स्पॅनिश सत्तेला बारा वर्षं या मुलखाबाहेर ठेवलं. पेकोसचं चर्च जाळून पाडलं गेलं. पाद्र्यांच्या मठाच्या आवारातच एक किवा बांधली गेली, जमिनीखालची गोल, पवित्र खोली, आणि तिच्यासाठी पाडलेल्या चर्चच्याच विटा वापरल्या. मेंढीचं हाड हातात असताना हेही आठवा. वाकलेलं गाव एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. स्पॅनिश परत आले, मेंढ्याही राहिल्या. 1717 पर्यंत नवं, छोटं चर्च उभं राहिलं. हाड खाली ठेवा.

किवेत मात्र आपण उतरायचं नाही. पेकोसमध्ये विसाहून अधिक किवा सापडल्या आहेत, त्यांतल्या दुरुस्त केलेल्या किवेत आज पाहुण्यांना शिडीने उतरता येतं. पण तिथे काय चालत असे, हे पुएब्लो माणसं आजही परक्याला सांगत नाहीत, आणि मला विचाराल तर विचारूही नये. मनाला सगळीकडे शिरण्याची खोड असते. एका दारापाशी ते थांबलं तर त्याचं काही बिघडत नाही.

खालच्या थरात जाऊ. आता एक खापर, तांबूस पाठीवर काळपट चकाकणारी रेघ असलेलं. ही शिशाची झिलई. इथल्या कुंभारकाम करणाऱ्या हातांनी सबंध भांड्याला झिलई दिली नाही. फक्त नक्षीच्या रेघा तिने ओढल्या. बोट फिरवा, रेघ किंचित उंच लागेल. अगदी नंतरच्या, म्हणजे वरच्या थरांतल्या खापरांवर ही झिलई ओघळलेली दिसते. रेघ ओढली एका जागी, भट्टीत ती वितळली आणि खाली धावली. तो ओघळ पाहा. कुणाच्या तरी तोंडून एक हळहळ निघाली असेल आणि तरी भांडं वापरात आलं असेल.

हे भांडं कुठलं? साहजिक उत्तर: पेकोसचं. घरोघर मडकी घडत, प्रत्येक गाव आपली भांडी आपण करत असे, हे किडरनाही इतकं उघड वाटत होतं की त्यावर प्रश्न विचारण्यासारखं काही नव्हतं. ॲना शेपर्ड यांनी प्रश्न विचारला. खापराचा पारदर्शक होईल इतका पातळ काप काढून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मडकं तडकू नये म्हणून मातीत दगडाची भुकटी, वाळू किंवा जुन्या खापरांचा चुरा कालवतात; ते कालवण कुठल्या खडकाचं, हे त्यांनी ओळखायला घेतलं. निघालं असं की झिलईच्या भांड्यांतली कितीतरी पेकोसची नव्हतीच. गॅलिस्टिओ खोऱ्यातून आणि त्यापलीकडून, पाठीवरून वाहून आणलेली होती. ना गाढव, ना चाक. 1936 मध्ये किडर आणि शेपर्ड यांचा ग्रंथ निघाला आणि एका गावाची चूल दुसऱ्या गावाच्या भट्टीशी जोडली गेली. मातीचं मडकं डोंगरवाटेने पाठीवर आणणं म्हणजे काय, याचा एक क्षण विचार करा. किती वेळा पाय घसरला असेल.

त्याहून जुन्या थरांत नक्षीचं खापर काळं-पांढरं होतं. तिथे आपण थांबत नाही, कारण त्याच्याजवळच एक ओबडधोबड, काजळलेलं खापर पडलं आहे आणि मला त्याचीच ओढ आहे. स्वयंपाकाचं मडकं. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवत भांडं वाढवायचं, आतून गुळगुळीत करायचं, बाहेरून मात्र वळ्या तशाच ठेवून त्यांवर अंगठ्याने चिमटे काढत जायचं. सगळ्या अंगावर खवल्यांसारखी ओळ उमटते.

हे खापर मनाने हातात घ्या. बाहेरची बाजू वर. अंगठा एका खळगीत टेकवा. बसला? कदाचित तुमचा अंगठा मोठा असेल, कदाचित लहान. ओल्या मातीवर त्या बोटाच्या कातडीच्या रेघाही उमटल्या आहेत, आणि भट्टीने त्या कायमच्या करून टाकल्या. आता पुढच्या खळगीत. मग त्याच्या पुढच्या. एक लय सापडेल. घडवणाऱ्याचं लक्ष कामात होतं तिथे खळग्या एकसारख्या. मधेच एक तिरकी गेली आहे. हाक आली असेल, मूल रडलं असेल, किंवा नुसताच कंटाळा.

थांबा. आत्ता मनात ‘तिचा’ अंगठा आला का? बहुतेकांच्या येतो. युरोपीय लोक आले त्यानंतरच्या नोंदींत पुएब्लो मडकी बायका करताना दिसतात, म्हणून अभ्यासकांनीही ते मागे हजार वर्षं तसंच धरून चाललं. पुरुषांच्या आणि बायकांच्या बोटांवरच्या रेघांची रुंदी सरासरीने वेगळी असते. त्याच प्रदेशातल्या चाको परिसरातल्या, पेकोसहून कितीतरी जुन्या खापरांवरचे ठसे मोजून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोघांचे ठसे निघाले. बायकांचे आणि पुरुषांचे. पेकोसच्या या खापरावर कुणाचा अंगठा आहे ते त्यावरून ठरत नाही. मग मनातली ती बाई पुसून टाकायची का? नको. फक्त तिच्या जागी ‘कुणीतरी’ म्हणा. अंगठा आपल्या जागी आहे. पुन्हा त्यावर अंगठा ठेवा आणि दोन श्वास तसेच राहा.

बाहेरची काजळी पाहायची राहिली. हे मडकं चुलीवर चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. अशा वळ्यांच्या भांड्यांत घेवडा, मका, मांस शिजत असे. शेवटी एक दिवस ते तडकलं.

आता बसण्याची जागा बदलू, कारण पुढची वस्तू हातात मावणारी नाही. दळायचा दगड. एक सपाट शिळा, किंचित तिरकी बसवलेली, आणि दोन्ही हातांत धरून मागे-पुढे सरकवायचा लांबट दगड. शिळा दगडी फळ्यांच्या चौकटीत बसवत आणि अशा चौकटी ओळीने असत. पहिल्या शिळेचा पृष्ठभाग खरबरीत, दुसऱ्याचा मध्यम, तिसऱ्याचा मऊ. पहिली भरडते, दुसरी दळते, तिसरी पीठ मऊ करते. घरच्या मक्याचं पीठ असंच होई. मका तोच, आपल्या शेतातला; दोघांचा मूळपुरुष मेक्सिकोतलं एक रानगवत.

गुडघ्यांवर बसा, निदान मनाने. पायांची बोटं भिंतीला टेकलेली, कारण जोर तिथून लागतो. दगड पुढे ढकलताना छाती खाली जाते, मागे घेताना पाठ उठते. सगळा भार मनगटांत नाही; खांद्यांत, कमरेत, मांड्यांत आहे. पंचवीस वेळा करून पाहा, रिकाम्या हातांनीच. मग समजा की रोजचे कित्येक तास हेच आहे, आणि उद्याही. दगडाची भुकटी पिठात मिसळे आणि पिठातून दातांत. पुएब्लो गावांतल्या जुन्या माणसांचे दात झिजलेले असत ते या भुकटीने. शिळाही झिजे. वापरून पातळ झालेली, तुटलेली शिळा मग भिंतीत चिणली जाई किंवा उकिरड्यावर येई.

कोरोनादोबरोबर आलेल्या कास्तान्येदाने रिओ ग्रांदेकाठच्या गावांतलं दळण पाहिलं होतं. त्याच्या वर्णनात बायका दळणाच्या खोलीत शिरण्याआधी पायातलं काढतात, केस बांधतात, कपडे झटकतात, डोकं झाकतात. आत तिघी तीन शिळांवर. आणि दाराशी एक पुरुष बसून पावा वाजवतो. त्या सुरावर दगड चालतात, आणि बायका गातात.

मराठी वाचकाच्या मनात इथे जात्यावरची ओवी आली नाही असं होणार नाही. येऊ द्या. पहाटेचा अंधार, आईचा किंवा आजीचा आवाज, जात्याची घरघर. मग तीही हळूच बाजूला ठेवा. आपल्याकडे जातं गोल फिरतं आणि ओवी ज्या त्या बाईची, तिच्या सासरमाहेराची, गाणं आणि दळण एकीच्या किंवा दोघींच्या हातात. तिथे दगड मागे-पुढे जातो, तिघींना एका लयीत राहावं लागतं, आणि सूर दाराकडून येतो. त्या बायका काय गात होत्या, ते कास्तान्येदाने लिहिलं नाही. त्याला भाषा येत नव्हती. ऐकू येत होतं फक्त गाणं. आपणही शब्द न कळता ते ऐकत थोडा वेळ बसू.

पेकोसच्या उत्खननात पक्ष्यांच्या हाडांचे पावे सापडले आहेत. आणखीही पुष्कळ सापडलं: हरणाच्या पायाच्या हाडाला टोक काढून केलेल्या आऱ्या, कातडं खरवडायची हत्यारं, मातीच्या नक्षीदार चिलमी, टेक्सासकडून आलेल्या अलिबेट्स गारेची पाती, दूरच्या समुद्रातले शंख. मैदानी लोक बायसनची कातडी घेऊन गावाच्या भिंतीबाहेर तळ देत आणि मका घेऊन जात, यांतल्या काही त्याच्याच खुणा. किडरनी 1932 मध्ये या सगळ्या किडुकमिडुकाचा एक जाडजूड ग्रंथ छापला. एका आरीच्या टोकाकडे इतक्या आस्थेने पाहणारं लेखन क्वचितच सापडतं.

एक काम याहून अवघड आहे. जे सापडलं नाही तिकडे पाहायचं. उघड्या उकिरड्यात पाऊस-बर्फ मुरतो, आणि दोरी, चटई, कापड, पिसं कुजून जातात. थराच्या भिंतीत जिथे काहीच दिसत नाही तिथे नजर ठेवा. तिथे पांघरुणं होती. युटामधल्या कोरड्या जागी टिकलेलं असं एक पांघरूण अभ्यासकांनी मोजलं: युक्काच्या धाग्याची जवळजवळ 180 मीटर दोरी, तिच्याभोवती गुंडाळलेली टर्कीची सुमारे साडेअकरा हजार पिसं. टर्की मारून पिसं काढायची गरज नव्हती. पक्षी पिसं टाकण्याच्या दिवसांत ती हलकेच निघतात, आणि पुन्हा येतात. लोक टर्की पाळत ते बराच काळ मुख्यतः याच्यासाठी. पांघरूण पिढ्यान्‌पिढ्या चाले. आता पेकोसच्या त्या खोल्यांत थंडीच्या रात्री कोण कोण पांघरुणाखाली होतं ते डोळ्यांसमोर येऊ द्या. खापरांवरून गाव ओळखायला बसलो की गाव कडक, खरखरीत होऊन जातं. मऊ भाग आधी नाहीसा होतो.

आता ज्याच्याजवळ यायचं मी टाळत होतो ते. उकिरड्यात माणसंही होती.

आपल्याला ‘उकिरडा’ शब्दाने दचकायला होतं, आणि हाही एक घाईचा अंदाजच. पुएब्लो लोकांनी आपली माणसं फेकली नाहीत. घरालगतच्या त्या मऊ मातीत, पूर्वजांच्या चुलींच्या राखेत त्यांनी ती पुरली, पाय दुमडून, काहींबरोबर भांडी ठेवून. किडरनी सुरुवातीला सांगाडा दाखवणाऱ्या मजुराला 25 सेंटांचं बक्षीस लावलं होतं. सांगाडे इतके निघू लागले की आधी रक्कम उतरवावी लागली, मग बक्षीसच बंद करावं लागलं. हे त्यांनीच लिहिलं आहे, हलक्याफुलक्या सुरात. त्यांना खापर वाचताना जी सावकाशी साधली ती इथे साधली नाही, हे माझं मत आहे. आणि त्या काळी त्यांच्या क्षेत्रात ती जवळपास कुणालाच साधली नव्हती, हेही खरं. हाडं मॅसॅच्युसेट्सला हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेली. अर्नेस्ट हूटन यांनी 1930 मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे हाडांची झीज, जखमा, आजार यांच्या अभ्यासात ती वर्षानुवर्षं वापरली गेली, आणि त्यातून वैद्यकाला काही कळलंही. हे विसरून चालणार नाही. आणि खोक्यांवर आकडे होते, हेही.

इथे मी काही करायला सांगत नाही. हात मोकळे ठेवा.

पाठ्यपुस्तकांत पेकोसचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: देवीची साथ, कोमांचे लोकांचे हल्ले, घटत गेलेली वस्ती, आणि 1838 मध्ये उरलेली वीसेक माणसं निघून गेल्यावर गाव संपलं. ‘संपलं’ या शब्दापाशी शेवटचं थांबू. ती माणसं पश्चिमेला सुमारे 80 मैलांवर हेमेझ गावी गेली. तिथली भाषा त्यांचीच होती, तोवा. हेमेझने त्यांना घरं दिली, शेतं दिली. पेकोसचे सण त्यांनी सोडले नाहीत. 2 ऑगस्टचा पेकोसच्या देवमातेचा सण आजही हेमेझला होतो. 1936 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून दोन्ही पुएब्लो एक केले. हेमेझच्या कारभारात आजही एक पद पेकोसच्या गव्हर्नरचं आहे. किडर चर खणत होते तेव्हा ती मडकी घडवणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं काही दिवसांच्या वाटेवर मका पेरत होती.

1990 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की पूर्वजांचे अवशेष आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तू त्यांच्या वंशजांना परत द्याव्यात. 22 मे 1999 ला जवळजवळ दोन हजार जणांचे अवशेष पेकोसला परत आले. हेमेझची माणसं तिथपर्यंत चालत आली. पुन्हा दफन झालं, मातीने मातीला झाकलं, आणि ती जागा जाहीर केली नाही.

खापरांचं काम त्यामुळे थांबलेलं नाही. दहा हंगाम खणूनही किडरनी गावाचा बराच मोठा भाग न खणता सोडला होता, आणि तो तसाच आहे. 1965 पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे, 1990 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. अमेरिकेत असणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची सांता फेची सहल होते. तिथून पेकोस गाडीने अर्ध्या तासावर आहे. गेलात तर सोंडेवरच्या पायवाटेने चाला, सावकाश. पावसाने उघडी पडलेली खापरं पायाशी दिसतील, एखाद्यावर चकाकणारी रेघ असेल, एखाद्यावर अंगठ्याच्या खळग्या. वाका, हवा तितका वेळ पाहा. खिशात घालणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. आणि उचलून, सगळ्यांना दिसावं म्हणून वाटेकडेच्या दगडावर मांडून ठेवू नका. जागेवरून हललेल्या खापराला मग ‘आधी’ही राहत नाही आणि ‘नंतर’ही.